बर्फाशिवाय आलेलं खोकं

२ मार्च

बारके,

फाडू नकोस. आधी वाच, मग काय फाडायचं ते फाड. सहा वर्षांनी लिहितेय, तेव्हा दोन मिनिटं द्यायला तुझं काही जात नाही.

तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. त्याच्यावर डाफरू नकोस. बिचारा स्टँडच्या मागे उभा राहून बोलत होता, बस काढायची वेळ झाली होती, मागून कुणीतरी हॉर्न बडवत होतं. म्हणाला, "ताई, तिला निलंबित केलंय. बोलत नाही, जेवत नाही. नुसती भांडी घासते. घासलेलीच परत घासते." मग बाकीचं सांगितलं. सतरा फेब्रुवारीची दुपार. पहिलटकरीण. मूल सुखरूप झालं आणि आईचं रक्त थांबेना. तू रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलंस, मग दुसरं दिलंस, मग तिसरं. तासाभरात ती गेली. आता तुमच्याकडचे म्हणतात, सिस्टरनं उशीर केला, डोस चुकवला, अँप्युल फोडल्या तरी का कोण जाणे.

तुझ्या हातून डोस चुकेल? बाहुलीलासुद्धा चमचा डोळ्यांसमोर धरून, मोजून औषध पाजायचीस तू. मला काय सांगतात हे.

नवरा म्हणाला, की हे इंजेक्शन लागू पडत नाही अशी तुला आधीपासून शंका होती, तू नमुना पाठवला होतास, "तुमच्याच लॅबला, ताई." हो, आला होता. सहा फेब्रुवारीला, दहा अँप्युल. नियमाप्रमाणे नाकारला गेला. हे इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं हे मी तुला शिकवायला नको. आमच्याकडे येतानाही ते बर्फाच्या पेटीतून यावं लागतं, सोबत तापमान नोंदवणारी चकती लागते. नाहीतर आम्ही तपासतच नाही. उद्या औषध खराब निघालं तर कंपनी म्हणणार, आमचं उत्तम होतं, रस्त्यात तापलं. ते खोडायचं कसं? आमच्या नेटवर्कमध्ये पन्नासेक देशांतल्या लॅब आहेत, सगळीकडे हाच नियम. तुझं खोकं साध्या पुठ्ठ्याचं. बर्फ नाही, चकती नाही, आत एक कापड कोंबलेलं. कुणीही नाकारलं असतं. नाकारल्याची चिठ्ठी त्याच दिवशी निघाली, तीन प्रतींत. एक तुमच्या आरोग्य केंद्राला, एक तुमच्या वरच्या औषध भांडाराला, एक आमच्या फाइलला.

पण मी गप्प बसणार नाही. वरच्या भांडारात त्याच बॅचचा माल आहे. साहेबांशी बोलून तो नेटवर्कमधल्या परक्या देशातल्या लॅबकडून तपासून घेते. मी हातही लावणार नाही, म्हणजे बहिणीनं बहिणीला वाचवलं असं म्हणायला कुणाला तोंड नको. औषध वाईट निघालं की तू सुटलीस.

जेव. भांडी पुरे झाली.

ताई

२८ मार्च

बारके,

तुझं उत्तर आलं नाही. मी काही डोळे लावून बसले नव्हते. बसले होते.

अहवाल आला. लिहायला हात होत नाही. औषधाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असावं लागतं. भांडारातल्या मालाचं आलं नव्व्याण्णव पूर्णांक चार. वर्षभरात इतकं चोख इंजेक्शन मी पाहिलेलं नाही.

आमच्याकडे शीतगृहाचं तापमान दिवसातून दोनदा लिहिणारा एक जुना माणूस आहे. सगळे त्याला थर्मामीटर म्हणतात आणि तो चिडला की पारा चढला म्हणतात. त्यानं अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बाई, राणीची नाडी बघून मोलकरणीला ताप नाही असं लिहिलंय हे." बरोबर बोलला. भांडारातला माल पहिल्यापासून थंड खोलीत होता. तुमच्याकडचा माल ट्रकमधून आला, व्हरांड्यात पडला, बंद फ्रिजात महिने काढले त्यानं. अहवालात ते कुठे येणार? ज्या कुप्या दिल्या त्यांचा अहवाल खरा आहे. मला त्यात चूक काढता येत नाही, बारके. मी तीनदा पाहिला.

तुझ्या चौकशीवाल्यांनी तो फाइलच्या अगदी वर लावलाय म्हणे. आंतरराष्ट्रीय लॅबचा शिक्का, मग काय. औषध चांगलं, म्हणजे हात वाईट. मी तुला सोडवायला गेले आणि तुझ्याच पायावर धोंडा पाडला. केंद्रातला उरलेला साठाही भांडारानं उचलून नेला आणि खबरदारी म्हणून नष्ट केला. तुमच्या उकाड्यात राहिलेल्या त्या बॅचचा एक थेंबही आता कुठे नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

तुझ्या जागी मी असते तर मीही मला उत्तर दिलं नसतं.

ताई

११ एप्रिल

बारके,

आज खरं लिहिते. पहिल्या पत्रात मी साळसूदपणे लिहिलं, की नमुना नाकारला गेला. मी नाकारला. त्या आठवड्यात नमुने घ्यायच्या टेबलावर मीच होते. चिठ्ठीवर सही माझी आहे.

खोक्यावरचं अक्षरही ओळखलं होतं. तुझ्या 'र'ची शेपटी अजून खालच्या ओळीपर्यंत जाते. आतलं कापडही ओळखलं. आईनं भरलेला उशीचा अभ्रा, कोपऱ्यात निळं बदक, एकाच पायाचं, कारण दुसऱ्या पायापाशी दोरा संपला आणि आई म्हणाली राहू दे, पाण्यात आहे ते.

सहा वर्षांत तुझ्याकडून आलेली ती पहिली वस्तू. मी आत चिठ्ठी शोधली. अभ्रा दोनदा झटकला. सरकारी फॉर्म तेवढा, खाली तुझी सही आणि हुद्दा. मला असा राग आला म्हणून सांगू! मनात म्हटलं, बरं आहे बाई, तू मला लॅब समजून पाठवतेस ना, मग मी लॅब म्हणूनच उत्तर देते. फॉर्मवर केंद्राचा फोन नंबर होता. एरवी मी फोन करते, बारके. अनोळखी माणसांना करते. "अहो, बर्फ घालून पुन्हा पाठवा, घेते मी." एका वाक्याचं काम. तुला केला नाही. मला वाटलं, चिठ्ठी पोचली की तूच करशील, तणतणशील, "ताई, का नाकारलंस?" म्हणशील. तेवढंच हवं होतं मला. अकरा दिवस टेबलावरचा फोन वाजला की मी इतरांच्या आधी उचलायची. बाराव्या दिवशीही उचलला असेल, ती बाई आदल्या दिवशी गेली हे मला माहीत नव्हतं.

आईच्या वेळचंही लिहून टाकते, नाहीतर ते मध्ये तसंच राहील. दरवर्षी नेटवर्कमधल्या सगळ्या देशांना एकाच औषधाच्या बिननावाच्या बाटल्या येतात. ठरलेल्या दिवसांत आकडा कळवायचा, मग कुणाचा हात किती खरा ते कळतं. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. आईचं काही खरं नाही असे तुझे तीन निरोप आले, मी म्हटलं, एवढी फेरी संपली की निघते. आमचा आकडा पन्नास देशांच्या बरोबर मधोमध आला, साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि त्याच दिवशी तू आईला एकटीनं पोचवलंस. मी आले तेव्हा तू दारातच म्हणालीस, "तू तुझ्या बाटल्यांपाशीच राहा." राहिले.

आता पुढचं. नाकारलेले नमुने आम्ही नव्वद दिवस वेगळ्या कपाटात ठेवतो, मग नष्ट करतो. म्हणजे तुमच्या मालाचा थेंब कुठे नाही असं नाही. तुझ्या दहा अँप्युल माझ्या कपाटात होत्या. परवा जेवणाच्या सुट्टीत यंत्र मोकळं होतं. चार फोडल्या आणि लावल्या. नोंद नाही, परवानगी नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा केलं.

अडतीस. नव्वद पाहिजे तिथे अडतीस!

मला रडूच आलं, आनंदानं. कागद घेऊन साहेबांकडे निघाले तर दारात थर्मामीटर. त्यानं आकडा पाहिला, आणि अगदी हळू विचारलं, "बाई, ते कपाट थंड आहे का हो?"

नाही. नाकारलेल्या मालाला कोण थंडावा देतंय? लोखंडी कपाट, खिडकीशेजारी, दुपारी त्याच्यावर ऊन येतं. तुझ्या अँप्युल तिथे नऊ आठवडे होत्या. त्या अडतीसमध्ये तुमच्या केंद्राचा उकाडा किती आणि माझ्या कपाटाचा किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आल्या दिवशी नुसत्या फ्रिजात सरकवल्या असत्या तरी चाललं असतं. फ्रिज कपाटापासून चार पावलांवर आहे.

कागद माझ्या खणात आहे. तो कुणाच्याच उपयोगाचा नाही.

ताई

२३ एप्रिल

बारके,

नवऱ्यानं पुन्हा फोन केला. म्हणाला, आता नवीनच काढलंय. तू आधी तक्रार केलीच नव्हतीस, बाई दगावल्यावर रचलेली कथा आहे म्हणतात. केंद्रातली चिठ्ठी सापडत नाही. तुमचा औषधवाला कानांवर हात ठेवतोय. भांडारवाले शोधताहेत, म्हणजे शोधत नाहीत.

तिसरी प्रत आमच्या फाइलला आहे. मी उठले आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब म्हणाले, "मॅडम, पाच मेला नेटवर्कची माणसं पाहणीला येताहेत. त्यांच्या तोंडावर मी असा कागद बाहेर देऊ? तक्रार आली, आपण न तपासता बाजूला ठेवली आणि अकराव्या दिवशी बाई गेली?"

"तसंच झालंय ना, साहेब?"

"नियमाप्रमाणे झालंय. पण कागद वाचणारा नियम वाचत नाही, शेवट वाचतो. आपली मान्यता गेली तर शेजारच्या तीन देशांच्या लसी बंदरात पडून राहतील. लहान मुलांच्या. त्यांना आपल्याच अहवालावर सोडतात, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक आहे. साहेब वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमच्या बहिणीचं फार वाईट वाटतं हो." त्यांना खरंच वाटत होतं.

मग मी खाली जाऊन फाइल काढली आणि प्रत काढून घेतली. लॅबचा कागद बाहेर नेला म्हणून काय होतं ते मला पाठ आहे, नवीन लोकांना ते मीच शिकवते.

अठ्ठावीसला तुझी सुनावणी आहे ना? मी येतेय. नको म्हणायचं असेल तर फोन कर. तेवढ्यासाठी तरी कर.

ताई

३० एप्रिल

बारके,

नऊ तास बसमध्ये बसून मांड्या आखडल्या होत्या, म्हणून मी तशी लंगडत आले. म्हातारी झाले असं समजू नकोस. थोडी झालेय.

सुनावणीच्या खोलीबाहेर बोळात एकच बाक होता आणि तू त्यावर बसली होतीस, शेजारी पिशवी. मला पाहून तोंड फिरवलंस. मग पिशवी उचलून मांडीवर घेतलीस. तू जागा केलीस, बारके. अर्धा तास आपण शेजारी बसलो. येताना बसमध्ये किती काय ठरवलं होतं बोलायचं. तुझे केस इतके पिकलेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आत काय झालं ते तू ऐकलंसच. चौकशीला बसलेल्या त्या डॉक्टरनं मी दिलेली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"तुम्ही हे औषध तपासलं होतं?"

"नाही."

"मग ते वाईट होतं असं सांगू शकता?"

"नाही."

"मग तुम्ही सांगायला काय आलात?"

"खोकं आलं होतं. सहा तारखेला. बाई जायच्या अकरा दिवस आधी. सिस्टरनं कळवलं होतं. ऐकलं मी नाही."

खणातला कागदही सोबत होता, अडतीसचा. बाहेर काढला नाही. काढला असता तर तो पहिला प्रश्न थर्मामीटरचाच विचारणार, आणि मग माझी तारीखही कुणी खरी मानणार नाही. बरोबर केलं का? तू काय केलं असतंस?

शेवटी त्यानं चिठ्ठीतला शेरा मोठ्यानं वाचला, "सोबत अनावश्यक कापड. हे काय?" मी म्हटलं, उशीचा अभ्रा आहे. कोपऱ्यातला कारकून फिस्सकन हसला. तू पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्याचा अर्थ मला लागला नाही. बाहेर आले तोवर तू निघून गेली होतीस.

ताई

१९ मे

बारके,

निकाल तुला माझ्या आधी कळला. तक्रार रचलेली नव्हती, हे तारखेमुळे मान्य. औषध मात्र दर्जेदार, तसा अहवाल आहे, तेव्हा मृत्यूला सिस्टरची हयगय कारण. नोकरी गेली. बावीस वर्षं बाळंतपणं केलीस आणि त्यांनी सहा ओळींत आटोपलं. नवरा सांगताना रडला. मी रडले नाही, मला कुणी विचारलंच तर काय म्हणून रडतेय ते सांगता आलं नसतं.

माझंही ऐक. कागद बाहेर नेला म्हणून येत्या एक तारखेपासून मी टेबलावर नाही, काचसामान धुण्याच्या विभागात. आता मीपण घासलेलीच भांडी घासणार, हस. पाहणी उत्तम झाली. नेटवर्कच्या माणसांनी आमच्या कशाचं कौतुक केलं असेल? नाकारलेल्या नमुन्यांच्या नोंदींचं. आदर्श म्हणाले. सात तारखेला नव्वद दिवस भरले, तुझ्या उरलेल्या सहा अँप्युल नष्ट केल्या. सही मी केली, दुसरी थर्मामीटरनं. अभ्रा मात्र मी घरी आणला.

हे सगळं कळवायला लिहीत नाहीये. काल तुमच्या केंद्राकडून एक खोकं आलं. अनोळखी अक्षर, तुझ्या जागी आलेल्या मुलीचं. तेच इंजेक्शन, नवी बॅच. साधा पुठ्ठा. बर्फ नाही. आत टॉवेल, वाळून कडक झालेला. कुप्या या वेळी तडक फ्रिजात ठेवल्या आणि फोन उचलला. म्हटलं, "सिस्टर, आधीच तापून आलंय, हे घेता येत नाही मला. बर्फ घालून पुन्हा पाठवा, मी घेते."

ती म्हणाली, "मॅडम, बर्फ कुठून आणू? वीज दिवसातून तीन तास येते. फ्रिजात पाणीसुद्धा गार होत नाही. आधीच्या सिस्टर ओलं फडकं गुंडाळून पाठवायच्या म्हणे, तसंच केलंय. बसवाल्या काकांना वाटेत शिंपडायलाही सांगितलं होतं."

मी फोन ठेवला आणि तो कडक टॉवेल हातात घेतला.

आई दुधाच्या पातेल्याला ओलं फडकं गुंडाळून खिडकीत ठेवायची, आठवतं? आणि आपली पाळी लावलेली, एकदा तू शिंपड, एकदा मी. मी माझी पाळी चुकवायची आणि तू मुकाट्यानं दोन्ही वेळा शिंपडायचीस. तू आईचा अभ्रा भिजवून त्या कुप्यांना गुंडाळलास, तुझ्याकडे होता तेवढा थंडावा दिलास आणि नवऱ्याच्या बसमधून माझ्याकडे पाठवलास. मी लिहिलं, अनावश्यक कापड.

तीन महिने मी त्या एका वाक्यासाठी स्वतःला खात होते. फोन केला असता तर, फोन केला असता तर. आता कळलं, केला असता तरी मी बर्फ घाल एवढंच म्हणाले असते. तू म्हणाली असतीस, ताई, कुठून? आणि तुझ्यापर्यंत बर्फ पोचवायची सोय आमच्याकडे नव्हती. आजही नाही.

त्या मुलीच्या कपाटात आणखी चाळीस अँप्युल आहेत. या महिन्यात अकराजणी बाळंत व्हायच्यात, त्यांतली पहिली पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, मॅडम, द्यायचं की नाही तेवढं तरी सांगा. दुसरं काही आहेच कुठे तिच्याकडे? मी म्हटलं, दे.

साहेबांकडे गाडी मागितली. केंद्राकडून रीतसर मागणी वरच्या भांडारामार्फत येऊ दे म्हणाले. दीड महिना लागतो त्याला. थर्मामीटरनं स्वतःच्या जबाबदारीवर लॅबची बर्फाची पेटी काढून दिलीय, चकतीही दिलीय. फॉर्मवर ती मुलगी सही करेल, नमुना रीतसर होईल आणि एक तारखेच्या आत आला तर तो मीच घेऊ शकते. शनिवारच्या बसनं निघतेय. अभ्रा धुतलाय, तोही सोबत आणतेय.

अडतंय एकाच गोष्टीशी. पेटीतला बर्फ बारा तास टिकतो, थर्मामीटरनं अंगणात ठेवून पाहिलं. मला जायला नऊ, यायला नऊ. परतीच्या वाटेवर तिसऱ्या तासाला पेटीत नुसतं पाणी असेल, आणि आमच्या दारात तो नमुना मलाच नाकारावा लागेल. वाटेत कुठे बर्फ मिळतो का, नवऱ्याला विचार. मी कालपासून आकडे मांडतेय. एकतीस वर्षं हेच काम केलं, आणि ते सहा तास कसे काढायचे मला येत नाही, बारके. तुला येतं का?

ताई